वारसा आणि बोजा

समीक्षा म्हटली की तिच्यापुढे एखादा ग्रंथ असावयाचा, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडण्याचे धाडस आम्ही येथे करीत आहोत. ज्या कृतीविषयी आम्हांला लिहावयाचे आहे ती छापील नाही. ती एक सार्वजनिक बाग आहे. तथापि बागेलाही रचना असते. काय राखावे, काय पाडावे, बाक कोठे ठेवावा, कोणत्या दगडावर कोणाचे नाव कोरावे, हे कोणीतरी ठरवीत असते. जेथे निवड आहे तेथे अर्थ आहे, आणि जेथे अर्थ आहे तेथे समीक्षेला वाव आहे.

प्रस्तुत बाग कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हॅन्कुव्हर शहराच्या पूर्वेस, फ्रेझर नदीच्या उत्तर तीरावरील उंचवट्यावर आहे. 'फ्रेझर रिव्हर हेरिटेज पार्क' हे तिचे नाव. ज्या गावात ती आहे त्याचे नावच 'मिशन'. बागेत विस्तीर्ण हिरवळ आहे, उंच झाडे आहेत. खाली नदीचे पात्र दिसते आणि आकाश निवळलेले असले तर आग्नेयेस माउंट बेकरचे हिमशिखर दिसते. उन्हाळ्यात लोक येथे सहलीस येतात, संगीताचे कार्यक्रम होतात. या हिरवळीत अधूनमधून जुन्या इमारतींची जोती उघडी पडलेली दिसतात. घर मोडले तरी जोते राहते, हे आपल्या खेड्यापाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. या जोत्यांवर एके काळी मूळनिवासी मुलांची निवासी शाळा उभी होती आणि ती शाळा आमच्या ख्रिस्तसभेची होती. म्हणूनच हा लेख एका धर्मगुरूने लिहावा, हे आम्हांस उचित वाटले.

प्रथम इतिहास पाहू. १८६१ साली निष्कलंक मारियेच्या ऑब्लेट संघाचे फ्रेंच धर्मगुरू लिओन फुके यांनी येथे 'सेंट मेरीज मिशन'ची स्थापना केली. या नदीखोऱ्यातील मूळनिवासी स्वतःस 'स्तोलो' म्हणवितात. त्यांच्या भाषेत स्तोलो म्हणजे नदी. १८६२ साली देवीच्या साथीने या किनारपट्टीवर हाहाकार माजविला, तेव्हा ऑब्लेट धर्मगुरूंनी वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांना लस टोचली. १८६४ साली राणीच्या वाढदिवशी हजारो मूळनिवासी न्यू वेस्टमिन्स्टर येथे नव्या गव्हर्नरांसमोर जमले आणि त्यांच्या प्रमुखांनी आपल्या जमिनी राखून ठेवण्याची विनंती केली. या मेळाव्यामागेही मिशनऱ्यांचा पुढाकार होता. पुढील काही वर्षांत वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी त्याच राखीव जमिनी कापून लहान केल्या, हा भाग वेगळा. एवढ्यावरच इतिहास थांबला असता तर या बागेतील प्रत्येक फलक आम्ही अभिमानाने वाचला असता.

१८६३ साली मिशनने मुलांची निवासी शाळा उघडली. काही वर्षांनी सेंट ॲन संघाच्या धर्मभगिनींनी मुलींची शाळा सुरू केली. १८८० च्या दशकात रेल्वेमार्गासाठी मिशनच्या इमारती नदीकाठावरून वर उंचवट्यावर हलविण्यात आल्या. आजची जोती तेथील आहेत. शाळेचा ब्रास बँड दूरवर प्रसिद्ध होता. बिशप पॉल ड्युरियू यांच्या काळात येथे मूळनिवाशांचे मोठे धार्मिक मेळावे भरत. १८९२ साली प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य येथे झाले, ते पाहावयास हजारो लोक आले होते. त्याच सुमारास लुर्ड मातेची एक वेदी उंचवट्याच्या कडेला बांधण्यात आली.

आपल्या वाचकांच्या मनात 'मिशन शाळा' आणि 'बोर्डिंग' हे शब्द कृतज्ञतेशी जोडलेले आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. आपल्यापैकी कित्येकांची घडण अशाच बोर्डिंगात झाली. म्हणून एक फरक आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडील आईबाप मुलाचा हात धरून त्याला बोर्डिंगात नेऊन सोडीत, आणि सुटीत ते पोर घरी येऊन घरच्याच भाषेत भांडत असे. कॅनडातील निवासी शाळांचे प्रयोजन निराळे होते. मुलाला घरापासून, भाषेपासून आणि रीतिरिवाजांपासून तोडावे, म्हणजे मूळनिवासी हा वेगळा समाज म्हणून उरणारच नाही, हे शासनाचे उघड धोरण होते. पैसा आणि कायदा शासनाचा. शाळा चालविणारे हात चर्चचे. १९२० साली कायद्यात दुरुस्ती होऊन ७ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती करण्याचा अधिकार शासनाने घेतला. देशभरात सुमारे दीड लाख मुले अशा शाळांतून गेली. त्यांपैकी सुमारे ६० टक्के शाळा कॅथोलिक संस्थांच्या ताब्यात होत्या.

भाषेचा मुद्दा आम्हांला विशेष बोचतो. ऑब्लेट धर्मगुरू मूळचे फ्रेंच. या लोकांना शुभवर्तमान सांगण्यासाठी ते चिनूक ही व्यापारी बोली शिकले. तीत प्रार्थना व गीते रचली गेली. म्हणजे ज्याला शिकवावयाचे त्याच्या बोलीपर्यंत आपण चालत गेले पाहिजे, हे सूत्र त्यांना ठाऊक होते. आणि तरीही निवासी शाळांत मुलाने आपल्या आईची भाषा बोलणे हा अपराध ठरला. ज्या नियतकालिकात आम्ही हे लिहीत आहोत ते मराठी आहे. १६१६ साली फादर स्टीफन्सांचे 'ख्रिस्तपुराण' राशोल येथे छापले गेले आणि आपल्या श्रद्धेला आपल्याच भाषेचे घर मिळाले. परदेशी मिशनऱ्याने आपल्या भाषेवर प्रेम केले, या ऋणावर आपले सारे ख्रिस्ती मराठी वाङ्मय उभे आहे. ते ऋण ज्याला कळले त्याला मिशन गावच्या मुलाचे काय हिरावले गेले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९६१ साली शासनाने जवळच नवी शाळा बांधली आणि मुले तिकडे गेली. जुन्या मिशनच्या इमारती १९६५ साली पाडण्यात आल्या. नवी शाळा १९८४ साली बंद झाली. ब्रिटिश कोलंबियातील ती शेवटची निवासी शाळा होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८६ साली, जुन्या जागी ही बाग लोकांसाठी खुली झाली. एका शाळेचा शेवट आणि दुसरीच्या जागी बागेचा आरंभ यांत इतके थोडे अंतर असावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. जी मुले १९८४ साली शाळेबाहेर पडली ती या बागेत प्रथम आली असतील तेव्हा विशीच्या आतबाहेर असतील.

आता या कृतीचे परीक्षण करू. बागेत आज प्रामुख्याने चार गोष्टी आहेत: नदीचे दृश्य, ऑब्लेट धर्मगुरूंची व धर्मभगिनींची दफनभूमी, लुर्ड मातेची पुन्हा उभारलेली वेदी, आणि जोती. दृश्य निसर्गदत्त असल्याने त्याविषयी वाद नाही. दफनभूमीत संघाच्या लोकांची नावे आहेत, आणि ती असावीत. बिशप ड्युरियूंचे दफनही येथेच आहे. दूरदेशी येऊन, तेथेच आयुष्य वेचून, तेथल्या मातीत मिसळलेल्या या माणसांविषयी आमच्या मनात आदर आहे. मात्र याच देशातील निवासी शाळांच्या मृत मुलांची काय स्थिती आहे, ते शेजारी ठेवून वाचले पाहिजे. सत्य आणि समेट आयोगाने २०१५ साली आपला अहवाल दिला. आयोगाला कागदोपत्री सापडलेले मुलांचे मृत्यू सुमारे ३,२०० होते. पुढील संशोधनाने हा आकडा वाढला आहे. त्या ३,२०० पैकी जवळजवळ एकतृतीयांश मुलांचे नाव शाळेने वा शासनाने नोंदलेले नाही. जवळजवळ निम्म्या मुलांच्या मृत्यूचे कारण नोंदलेले नाही. ज्या ख्रिस्तसभेने बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, मृत्यूच्या नोंदवह्या शतकानुशतके डोळ्यांत तेल घालून राखल्या, तिच्या देखरेखीखाली हे घडले. नोंदवहीचे महत्त्व आम्हां धर्मगुरूंना कोणी शिकविण्याची गरज नसते. म्हणूनच कोणत्याही विशेषणापेक्षा हे रिकामे रकाने आम्हांला अधिक असह्य वाटतात.

वेदी पुन्हा उभारली गेली, शाळा मात्र जोत्यावरच राहिली. शाळा पुन्हा बांधावी असे कोणी म्हणणार नाही. पण या निवडीमुळे बागेच्या वाचनाला एक दिशा मिळते. वेदी दुरून दिसते, नीटनेटकी आहे. पाहुण्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. जोते पाहण्यास खाली वाकावे लागते, आणि ते कशाचे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. भक्ती उभी आणि शाळा आडवी, अशी ही मांडणी आहे. यामागे कोणाचा कपटी हेतू होता असे आमचे म्हणणे नाही. ज्यांनी ही जागा राखून बाग केली त्यांचे उपकारच आहेत. नाहीतर नदीकाठची ही मोक्याची जमीन घरांखाली गेली असती आणि वाचावयास जोतीही उरली नसती. पण हेतू निर्मळ असूनही कृती अपुरी असू शकते, हे समीक्षकाला म्हणावेच लागते.

अपुरेपणाचे मूळ आमच्या मते बागेच्या नावात आहे. 'वारसा' हा शब्द आपण अलीकडे फार सैलपणे वापरू लागलो आहोत. जुने, सुंदर आणि अभिमानास्पद ते सारे वारसा. पण वारस हा मुळात व्यवहारातील शब्द आहे, आणि व्यवहार आपल्या शेतकरी वाचकांस चांगला कळतो. बापाच्या पश्चात जमीन मुलाच्या नावे होते तेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील बोजाही तिच्यासोबत येतो. जमीन मला, पण सोसायटीचे कर्ज माझे नव्हे, असे वारसाला म्हणता येत नाही. मिशनच्या बागेत नदी, दफनभूमी आणि वेदी यांचा वारसा ठळक आहे; जोत्यांवरचा बोजा मात्र अंधूक अक्षरांत आहे.

याच्या तुलनेत दुसऱ्या इमारतीची गोष्ट पाहण्यासारखी आहे. १९६१ ची शाळा पाडली गेली नाही. ती इमारत आणि तिची जमीन हळूहळू स्तोलो लोकांकडे आली. २००५ साली त्या जमिनीला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आज तिचे नाव 'पेक्वेयलिस' आहे आणि मूळनिवाशांच्या २१ समूहांचा तिच्यावर सामाईक अधिकार आहे. जेथे मुलांची भाषा तोडली गेली तेथे आज त्यांच्याच समाजाचे शैक्षणिक आणि सांस्कृतिक काम चालते. बागेत शाळा गेली आणि आठवण पाहुण्यांच्या स्वाधीन झाली. येथे इमारत राहिली आणि ज्यांची आठवण त्यांच्याच हाती किल्ली आली.

तरीही इमारत राखणे हाच एक मार्ग, असा नियम आम्ही करणार नाही. अलर्ट बे येथील सेंट मायकल्स ही अँग्लिकन शाळा २०१५ च्या फेब्रुवारीत पाडण्यात आली, तेव्हा तेथील माजी विद्यार्थी दुरून येऊन एकत्र जमले होते. ती भिंत कोसळताना पाहणे हाच त्यांचा विधी होता. क्रॅनब्रुकजवळची सेंट यूजीन ही ऑब्लेटांचीच शाळा तेथील क्टुनाहा लोकांनी ताब्यात घेऊन तिचे चक्क निवासी हॉटेल केले. एकाने पाडले, दुसऱ्याने राखले, तिसऱ्याने तिला उत्पन्नाचे साधन केले. तिन्ही निर्णय योग्य असू शकतात, कारण ते ज्यांनी सोसले त्यांच्या समाजाने घेतले. १९६५ साली मिशनच्या इमारती पडल्या तेव्हा असा निर्णय घेण्याचा अधिकार स्तोलो लोकांना नव्हता. पाडणे आणि पाडणे यांत हा भेद आहे.

या ठिकाणी एका पुस्तकाचा उल्लेख आवश्यक आहे. 'अमंग्स्ट गॉड्स ओन' हे सेंट मेरीज मिशनवरील पुस्तक २००२ साली मिशन गावातूनच प्रसिद्ध झाले. लेखक म्हणून पत्रकार टेरी ग्लाविन यांच्या नावाबरोबर 'सेंट मेरीजचे माजी विद्यार्थी' असा उल्लेख मुखपृष्ठावर आहे. आमच्या दृष्टीने ही जोड पुस्तकाच्या आशयाइतकीच मोलाची आहे. मिशनऱ्यांच्या जुन्या वृत्तांतांत वाक्याचा कर्ता नेहमी मिशनरी असतो: त्याने शाळा बांधली, त्याने मुलांना शिकविले. मूल कर्माच्या जागी. या पुस्तकात कर्ता बदलतो. त्यातील आठवणी एका रंगाच्या नाहीत. भीती आहे, एकाकीपण आहे, तशी मैत्री आणि काही चांगल्या माणसांची ओळखही आहे. बागेला नेमके हेच साधलेले नाही. तिथे अजूनही जुन्या वृत्तांताचे व्याकरण चालू आहे.

यावर काही आक्षेप येतील, त्यांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिला आक्षेप असा की आजच्या मापाने कालची माणसे मोजू नयेत. तत्त्व मान्य, पण कालची मापेही उपलब्ध आहेत. शासनाच्याच मूळनिवासी खात्याचे वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ साली निवासी शाळांतील क्षयाविषयी आणि मुलांच्या मृत्यूंविषयी इशारा दिला होता. त्याची दखल घेतली गेली नाही, तेव्हा १९२२ साली त्यांनी स्वतः पुस्तिका काढून या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. म्हणजे इशारा त्या काळातच, त्या व्यवस्थेच्या आतूनच आला होता.

दुसरा आक्षेप: अनेक धर्मगुरू व धर्मभगिनी मनापासून चांगल्या होत्या. हेही खरे. परंतु सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकविले गेले ते असे की कर्माचे मूल्यमापन तीन अंगांनी करावे: कर्म स्वतः काय आहे, करणाऱ्याचा हेतू काय, आणि परिस्थिती कोणती. हेतू चांगला असला म्हणून मुळातले वाईट कर्म चांगले होत नाही. आईच्या कुशीतून मूल तोडणे हे ज्या व्यवस्थेचे कर्म, तिच्यात वावरणाऱ्या एखाद्या भगिनीने त्या मुलाच्या कपाळावर मायेने हात ठेवला असेल. त्या हाताचे पुण्य तिचे, पण त्याने व्यवस्था निर्दोष ठरत नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सारे अतिरंजित आहे. येथे आम्हांला काटेकोर राहावयाचे आहे. २०२१ च्या मे महिन्यात कॅम्लूप्स येथील निवासी शाळेच्या आवारात भूवेधी रडारने सुमारे २०० संभाव्य दफनखुणा दाखविल्याचे जाहीर झाले, तेव्हा जगभर 'सामूहिक कबरी' असे मथळे आले, कॅनडात काही चर्च जाळली गेली. रडार जमिनीतील बदल दाखविते. हाडे दाखवीत नाही. खूण आणि पुरावा यांतील हा फरक प्रामाणिक लेखकाने पाळलाच पाहिजे. पण या फरकाच्या आड लपता येत नाही. आयोगाने नोंदविलेले मृत्यू रडारवर अवलंबून नव्हते. ते शाळांच्या आणि शासनाच्या स्वतःच्याच कागदांतून आले. सहा हजारांहून अधिक लोकांच्या साक्षी आयोगाने ऐकल्या आणि या व्यवस्थेला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटले.

प्रायश्चित्त संस्काराची तीन अंगे आपण लहानपणीच पाठ केली आहेत: मनापासून पश्चात्ताप, पापाची कबुली, आणि परिमार्जन. याच क्रमाने आमच्या ख्रिस्तसभेचा हिशेब मांडून पाहावा. १९९१ साली कॅनडातील ऑब्लेट संघाने जाहीर क्षमायाचना केली. २०२१ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या बिशपांनी केली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मास्क्वाचिस येथे जाऊन, मूळनिवाशांच्या भूमीवर उभे राहून केली. पश्चात्ताप आणि कबुली उशिरा का होईना, झाली. परिमार्जनाची कथा मात्र खाली मान घालावयास लावणारी आहे. २००६ च्या तडजोडीत कॅथोलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर उभारण्याचा प्रयत्न करण्याचे मान्य केले होते. प्रत्यक्षात चाळीस लाखांपेक्षाही कमी जमले, आणि २०१५ साली न्यायालयीन निर्णयाने ती जबाबदारी सुटली. २०२१ साली बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे नव्याने जाहीर केले. कायद्याने सुटलेला बोजा उताऱ्यावरून उतरतो. विवेकाच्या उताऱ्यावर तो तसाच राहतो, हे त्यांनी ओळखले असे आम्ही मानतो.

मग या बागेविषयी आमचा अभिप्राय काय? ती सुंदर आहे आणि ती राहावी. मुलांनी तेथे खेळावे, संगीत व्हावे. बाग म्हणजे एदेनच असावी, अशी मात्र ख्रिस्ती माणसाची अपेक्षा नसते. योहानकृत शुभवर्तमानातील बागेत कबर आहे, आणि त्याच बागेत मारिया माग्दालियेला प्रभू भेटला. कबरीकडे पाठ फिरविली असती तर तो तिला भेटला नसता. बागेने जोत्यांना आडवे ठेवावे, पण मुके ठेवू नये. कोणते जोते कशाचे, तेथे कोण राहिले, त्यांचे काय झाले, हे सांगण्याचा पहिला अधिकार स्तोलो लोकांना, त्यांच्याच भाषेत असावा, आणि त्यांनी काय लिहावे हे आम्ही सुचवू नये.

या लेखात आरंभापासून आम्ही 'आम्ही' म्हणत आलो आहोत. संपादकीय शिष्टाचाराचा तो भाग आहे. परंतु लिहिता लिहिता त्या शब्दाचा अर्थ बदलत गेल्याचे जाणवले. लस टोचणाऱ्या धर्मगुरूंविषयी आपण सहज 'आमचे मिशनरी' म्हणतो. मग शाळेच्या रिकाम्या रकान्यांपाशी आल्यावर 'ते लोक' कसे म्हणावे? आपल्यापैकी बऱ्याच कुटुंबांतील मुले-नातवंडे आता कॅनडात आहेत. वाचकांपैकी कोणी त्यांच्याकडे गेले आणि फिरत फिरत या बागेत पोहोचले, तर वेदीपाशी जरूर प्रार्थना करावी. पण त्याआधी हिरवळीतल्या एखाद्या जोत्यापाशी थोडा वेळ उभे राहावे.